तुकाराम श्रीपतीची तिथी

मंगळवारी डब्याबरोबर कागद आला. एरवी डब्याबरोबर लिंबाची फोड येते, कधी ठेचा येतो, एकादशीला न सांगता वरीचे तांदूळ येतात. कागद सहा वर्षांत कधी आला नव्हता. सुलक्षणाने तो पिशवीतून काढला, प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला, घड्यांवर फाटायला आलेला, आणि माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही जुनं अरबी वाचता ना? एवढं वाचून सांगाल का?" आण बघू, म्हटलं मी, मोठ्या रुबाबात. पाहिलं, तर अक्षरं मला आधी दिसलीच नाहीत. दिसला तो नूनवर नसलेला ठिपका. नून म्हणजे आपला न. त्याच्यावर एक ठिपका असतो. या कागदावर एकाही नूनला ठिपका उठला नव्हता, आणि तो ठिपका न उठवणारं टाइपरायटर अख्ख्या शारजात एकच होतं. त्याच्यापुढे मी आठ वर्षं बसलो. मी कागद पालथा घातला. "चष्मा नाही गं जवळ," म्हटलं, "ठेवून जा. परवा सांगतो." चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. तिला तो दिसला नसेल असं नाही, पण म्हाताऱ्यांचं असं होतंच म्हणून ती गप्प बसली असणार.

गप्प बसली म्हणजे त्या बाबतीत. बाकी ती बोलली. बायको गेल्यापासून अल नहदातल्या या फ्लॅटवर माझा डबा तीच आणते. शारजाच्या जुन्या बाजारभागात, रोल्लात, तिचं स्वयंपाकघर आहे, दोन बायका हाताखाली, नवरा ड्रायव्हर. डबा ठेवून एरवी ती उभ्याउभ्या निघते, त्या दिवशी खुर्ची ओढून बसली. "आईच्या ट्रंकेत होता. माझ्या वडिलांच्या सामानातून आलेला. ते इथेच वारले, शारजात. मी पाच वर्षांची होते." मला हे माहीत नव्हतं. सहा वर्षं मी तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि तिचं माहेरचं नाव विचारलं नाही. "आमच्या मुलीने, अपूर्वाने, मोबाईल धरला यावर, तर अर्धंमुर्धं इंग्रजी आलं. दार उघडं होतं असं काहीतरी. आणि खाली तारीख, चौदा नोव्हेंबर. काका, आम्ही बाबांचं श्राद्ध कार्तिक शुद्ध सप्तमीला करतो. त्या वर्षी ती अकराला होती, मी पंचांग काढून बघितलं. मग चौदाला त्यांनी अंगठा कसा दिला?" बोलताना तिचा आवाज चढत गेला, आणि चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. ती आशा होती. बेचाळीस वर्षांनंतर आशा! "म्हणजे ते तीन दिवस होते का हो? शुद्धीवर होते? श्राद्ध जवळ आलंय, आई रोज फोनवर विचारते, तिथी कुठली धरू. तुम्हीच सांगू शकाल. तुमच्यासारखं जुनं माणूस आता इथं उरलंय कोण?"

खरंच, कोण उरलंय. ती गेल्यावर मी कागद सुलटा केला आणि वाचला, म्हणजे वाचावा लागलाच नाही, पाठ होता. मी खाली सही करणार, शुक्रवारी गोदामात झोपलो होतो. शटरला कुलूप नव्हतं. दार उघडं होतं. माझी कंपनीविरुद्ध कसलीही तक्रार नाही. आणि तळाला उजवीकडे जांभळा अंगठा, आता विटून मातकट झालेला, त्याच्या शेजारी नाव: तुकाराम श्रीपती. घर रिकामं होतं. मुलगा सिद्धार्थ आणि सून पर्णिका कामावर, नात ईश्वरी शाळेत. डब्यातली भाजी गार झाली, वांग्याची होती, तेलाचा तवंग वर आला. मी झाकण लावून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मूठ मी आयुष्यभर झाकूनच ठेवली होती. इतकी, की आत काय आहे हे माझं मलाच वर्षानुवर्षं आठवत नसे.

आता मी कोण, तर आत्माराम खोचरे, वय सत्याहत्तर. इस्लामपूरच्या तालुका कोर्टात दीड वर्ष काळा कोट घालून बाकावर बसलो, अशील काही मिळेना. शहात्तर साली इथं आलो तेव्हा हा अल नहदा म्हणजे नुसती वाळू. उंट फिरत. दुबईला जायचा रस्ता वाऱ्याने बुजला की ड्रायव्हर खाली उतरून पायाने तो चाचपडत शोधायचा. पाणी टँकरने, वीज आली तर आली. कायदा? कायदा म्हणजे ज्याला कागद करता येतो तो. जहूर मास्तर म्हणून एक केरळी होते, त्यांच्याकडे सहा महिने अरबी शिकलो आणि रोल्लात पत्र्याखाली टायपिंगचं दुकान थाटलं. बाहेर पाटी लावली, वकील. कुणी विचारलं नाही सनद कुठली. त्या दिवसांत या मुलखात जो जे म्हणवून घेईल तो ते होता. सुतार इंजिनियर व्हायचा, इंजिनियर कंत्राटदार. मी वकील होतोच, त्यामुळे माझी थाप त्यातल्या त्यात लहान. त्याचा मला अभिमान वाटे. पुढे बँकेच्या कायदा विभागात गेलो, तिथून सरकारी खात्यात, मुस्तशार म्हणून. मुस्तशार म्हणजे सल्लागार. अरब मुलं दारात उभी राहून विचारायची, मुस्तशार साहेब, आत येऊ? आईशप्पथ, त्या वेळी वाटायचं, इस्लामपूरच्या त्या बाकावरच्या सगळ्यांना एकदा इथं उभं करावं.

पण अंगठ्यांचं सांगायला हवं, कारण ती युक्ती माझी होती, आणि चांगल्या बुद्धीने काढलेली होती. शपथेवर सांगतो. औद्योगिक क्षेत्रातल्या कॅम्पांत आपली माणसं यायची, माण-खटावची, कोकणातली. प्रत्येक कागदाला अंगठा लागायचा. विजाला, लेबर कार्डाला, सुट्टीच्या अर्जाला. एका अंगठ्यासाठी रोल्लाला यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडला, आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला. त्यांचे चेहरे बघवत नसत. म्हणून मी काय करायचो, माणूस नवा आला की त्याचे दहा कोऱ्या कागदांवर दहा अंगठे घेऊन ठेवायचो, शेजारी पेन्सिलीने नाव. पुढे लागेल तसा मजकूर वर टाइप करायचा. त्यांची खेप वाचली, माझी वणवण वाचली. ते इतके खूश व्हायचे! गावाहून येताना मला गूळ आणायचे. "वकीलसाहेब, तुमच्यावर सोडलं." अंगठा दिला की शाई पुसायला फडकं असायचं, तरी ते फडकं न घेता डोक्यातच पुसायचे, केसांत, भर्रकन. तेलाचा आणि जांभळ्या शाईचा असा एक वास असतो. नहदाच्या या एसी फ्लॅटमध्ये, बावीस अंशांवर, मंगळवारी दुपारी मला तो वास आला. मी खिडकी उघडली. चौदाव्या मजल्यावरची खिडकी चार बोटंच उघडते, त्यातून धूळ आली आणि खालच्या ट्रॅफिकचा आवाज. वास गेला नाही.

बुधवारी सकाळी माझं ओळखपत्र नवं करायचं होतं. सत्याहत्तराव्या वर्षी मी इथं मुलाच्या विजावर राहतो, आश्रित म्हणून. मुस्तशार साहेब आश्रित! टॅक्सीवाल्याने सतरा दिरहम घेतले, म्हणजे चारशे रुपये, एवढ्याशा अंतराला. सेवा केंद्रात झारा नावाची एक मुलगी बसली होती, हिजाबातली, गोड. तिने माझा उजवा अंगठा हातात धरून काचेवर दाबला. यंत्राने लाल दिवा लावला. पुन्हा दाबला. लाल. तिने ओलं फडकं दिलं, क्रीम दिलं, माझी दहाही बोटं एकेक करून दाबली, एखाद्या बाळाची दाबावीत तशी. "अंकल, नो प्रिंट," ती म्हणाली, "खलास. झिजले आहेत." "म्हणजे काय करायचं?" "होतं असं बाबा, वय झालं की. वरून पत्र आणावं लागेल. इन्शाल्ला मिळेल." तिच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट होती. मागे रांग होती. मी बाजूला झालो आणि अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. गुळगुळीत होता. त्याच्यावर काही नव्हतं. मी इतक्या माणसांचे अंगठे हाताने धरून कागदावर दाबले, प्रत्येकाची रेघ वेगळी, आणि तुकारामचा तर डोळे मिटून ओळखेन, मधोमध कोयत्याची आडवी खूण. इथं येण्याआधी तो ऊसतोडीला जायचा. मी भिंतीला टेकलो. "अंकल, बैठो बैठो," कुणीतरी म्हणालं आणि पाण्याची बाटली हातात आली.

बसलो आणि ते सगळं पुढ्यात उभं राहिलं, नको नको म्हणताना. त्र्याऐंशी साल. दिवाळी होऊन आठवडा झालेला. गोदाम फोमच्या गाद्यांचं, मागच्या बाजूला माळ्यावर नऊ माणसं राहायची. शुक्रवारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी माणसं दुसरीकडे रोजावर जातात म्हणून नूरुद्दीन मॅनेजर नमाजाला जाताना शटरला बाहेरून कुलूप घालून जायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. त्यात वावगं आहे असं तेव्हा कुणाला वाटत नसे, ही खरी गोष्ट आहे, आणि लाज वाटावी अशी आहे. जेवण करून नऊही जण आडवे झाले. आग लागली तेव्हा आठ जण मागचा पत्रा उचकटून बाहेर पडले. तुकाराम पुढे, शटरपाशी झोपला होता, खालच्या फटीतून वारा येतो म्हणून. समोरच्या चहावाल्याने मला सांगितलं, "वकीलसाब, शटर अंदर से बज रहा था." किती वेळ? "बहोत देर." तीन वाजता मी पोचलो तेव्हा वाजत नव्हतं. कुलूप जागेवर होतं, पिवळं, पितळी, आणि त्याच्यावर कुणी पाणी मारलं की चर्र व्हायचं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. शव बाहेर काढलं तेही पाहिलं. मग घरी जाऊन जेवलो, कारण बायकोने पान वाढलं होतं आणि तिला काय सांगायचं हे सुचत नव्हतं.

सोमवारी अरबाबने, म्हणजे मालकाने, बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. हेही खरं आहे आणि याचाही काही उपयोग नाही. म्हणाला, "हबीबी, चौकशी होईल. सगळ्यांचे जबाब पाहिजेत, की शटर उघडं होतं. आजच. यल्ला." मी दुकानात आलो, हजेरीपट समोर ठेवला. नऊ नावं. कपाटातून अंगठ्यांचे कागद काढले. नऊ माणसं, नऊ कागद, आणि कार्बनखाली प्रतीसाठी अंगठ्याचे आणखी नऊ. मजकूर एकच होता, हात चालत होता, कार्बन घालायचा, काढायचा, तारीख टाकायची, चौदा. नववा कागद यंत्रातून ओढला आणि गठ्ठ्यावर ठेवला तोपर्यंत माझ्या मनाला शिवलं नाही की यातला एक माणूस मेलेला आहे. मीच त्याला स्ट्रेचरवर पाहिला होता! पण हजेरीपटावर नाव होतं, कपाटात कागद होता, आणि मला सवय होती. ज्यांच्याकडे ते जबाब गेले त्यांनीही वाचले नसावेत, नऊ मोजले असतील. चौकशी संपली. कंपनीच्या कारकुनाने एक प्रत तुकारामच्या ट्रंकेत टाकली, पासपोर्टाबरोबर, आणि ट्रंक गावी गेली. महिन्याभराने फाइल लावताना माझी नजर त्या नावावर पडली, तेव्हा दुकानाची खुर्ची धरून उभा राहिलो होतो. वाट पाहिली. आज कुणी येईल, उद्या कुणी येईल. माण तालुक्यात अरबी कोण वाचणार? कुणी आलं नाही. त्याऐवजी अरबाबचा निरोप आला, त्याचा भाऊ बँकेच्या संचालक मंडळावर आहे, तिथं कायद्याचा माणूस हवा आहे. पुढचं मघाशी सांगितलंच.

"आजोबा, व्हाय आर यू होल्डिंग युअर थंब?" ईश्वरीने त्या रात्री जेवताना विचारलं. मी हात टेबलाखाली घेतला. पर्णिका तिला झोपवायला घेऊन गेल्यावर मी सिद्धार्थला म्हटलं, समजा, एखादा फार जुना कागद निघाला, चुकीचा, तर काय होतं रे? तो अशाच कामात आहे, कंपन्यांची कागदपत्रं कायद्यात बसतात का ते बघतो, आणि त्याला माझं कुठलंही 'समजा' लगेच समजतं. त्याने फोन खाली ठेवला. "बाबा, कुणाचा कागद?" मी सांगितलं. सगळं नाही. अर्धं. त्याने दार लोटून घेतलं. "सहीबिही आहे तुमची त्यावर?" "नाही." "मग विषय क्लोज. काही आठवत नाही म्हणायचं. तुमचा स्पॉन्सर मी आहे. केस झाली तर ट्रॅव्हल बॅन येतो, माझ्या ऑफिसला मेल जातो, ईश्वरीची शाळा, हा फ्लॅट... बाबा, चाळीस वर्षं झाली हो त्याला. बाईंना सांगा की फिकट झालंय, वाचता येत नाही." मग मऊ आवाजात, "तुम्ही काय केलंय?" मी म्हटलं, काही नाही रे, टायपिंग. तो लहान असताना बँकेतल्या माझ्या खोलीत येऊन फिरत्या खुर्चीवर बसायचा. माझे बाबा मोठे साहेब आहेत, असं शाळेत सांगायचा. ते मला मोडायचं नव्हतं. बस, एवढंच काय ते होतं. बॅन आणि मेल नंतरचे.

गुरुवारी अकरा वाजता ती आली. डबा ओट्यावर ठेवला, पदराने घाम टिपला, आणि मंगळवारसारखीच खुर्ची ओढून बसली. "काका?" मी दोन दिवस उत्तर तयार केलं होतं. फिकट झालंय, वाचता येत नाही. सोपं वाक्य. पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते तोंडातून बाहेर येईना. तिला वाचता येत नाही हे ऐकायचं नव्हतं. तिला ते तीन दिवस हवे होते. आणि मी, शहाणा माणूस, ते तिला देऊन टाकले. "तारीख बरोबर आहे गं," मी म्हटलं. "चौदाच. इस्पितळात होते ते. धुराने गुदमरले होते, भाजले फारसे नव्हते." तिचा हात तोंडावर गेला. "शुद्धीवर होते?" "होते. मी गेलो होतो भेटायला." "तुम्ही ओळखायचात त्यांना?" "कॅम्पातले सगळेच माझ्याकडे यायचे. तुझं नाव घेत होते. आईचंही." "आणि दार?" "उघडं होतं. सामान काढायला म्हणून ते परत आत गेले, तिथंच धूर लागला." कुठल्याही चांगल्या मसुद्यात असतं तसं एक वाक्य दुसऱ्याला हात देत होतं, मला काही करावं लागत नव्हतं. हे मी तिच्यासाठी केलं की माझ्यासाठी, ते विचारू नका. मला आजही सांगता येत नाही. ती रडत होती, हसतही होती. "जळून नाही गेले," ती म्हणाली. "आई जन्मभर हेच म्हणत आली काका, कोंडून जळलं माझं माणूस. जळून नाही गेले." मग ओल्या डोळ्यांनी बोटांच्या पेरांवर मोजायला लागली, अष्टमी, नवमी, दशमी. "दशमीला गेले ना? थांबा, आईला सांगू. तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून ऐकू दे तिला."

मी नको म्हणेपर्यंत तिने फोन लावलासुद्धा. पडद्यावर आधी छत आलं, मग पत्र्याचं एक कपाट, मग फार जवळून एक मोकळं कपाळ आणि एक डोळा. म्हातारीने फोन तोंडाला लावून धरला होता. "कोन, वकील का?" मी नमस्कार केला. सुलक्षणाने घाईघाईने सगळं सांगून टाकलं, इस्पितळ, तीन दिवस, तिचं नाव, उघडं दार, दशमी. "हेच सांगत होते ना काका?" मी हो म्हटलं. पलीकडे कुठेतरी शेळी ओरडली. मग म्हातारीने विचारलं, अगदी सावकाश, "दशमी म्हंजी तारीख किती?" "चौदा, आई." "तार आयतवारी आली. तेरा तारीख व्हती. पोस्टमननं वाचून दावली." फोन या हातातून त्या हातात गेला. "आयतवारी दुपारी बायांनी दगड घेऊन माझ्या बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. म्हंजी तवा त्ये जित्ते व्हते?"

"आई, तुला काय ठाऊक होतं तेव्हा? तार आली म्हणून..." सुलक्षणा बोलत होती, पण म्हातारी ऐकत नव्हती. फोन तिच्या हातून खाली गेला, पडद्यावर शेणाने सारवलेली जमीन आली आणि वरून फक्त आवाज. "जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं म्या. तिकडं त्ये माझं नाव घेत पडलंत, अन् हितं म्या... अगं माझे आई! पाप झालं गं माझ्या हातनं. म्हणूनच. म्हणूनच घराला कधी बरं दिसलं न्हाई." आणि ती कपाळावर हात मारून घ्यायला लागली. ते दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. थप्, थप्, एकसारखं, थांबत नव्हतं. सुलक्षणा "आई, आई गं, अगं थांब" करत फोनशी झटत होती. मला त्या पलीकडे जे आतून वाजत होतं ते सहन होईना. सिद्धार्थचा चेहरा डोळ्यांपुढे आला, लोटलेलं दार आलं, विमानतळ आला. नको बाबा, गप्प बैस, विषाची परीक्षा नको, असं मी मला शेवटचं म्हणून पाहिलं. "बाई," मी ओरडलो. "बाई, थांबा. मी खोटं बोललो."

थप् थांबलं. फोन उचलला गेला, पुन्हा ते कपाळ, आता मधोमध लाल झालेलं. "तुकाराम अकरालाच गेले," मी म्हटलं. "शुक्रवारी दुपारी. इस्पितळ नाही, काही नाही. मी तिथं पोचलो तेव्हा सगळं झालं होतं, मी त्यांना बाहेर काढताना पाहिलं. हा अंगठा आधीचा आहे. कोऱ्या कागदावर मीच घेऊन ठेवला होता. वरचं सगळं मी नंतर लिहिलं, सोमवारी, मालकाच्या सांगण्यावरून." सुलक्षणा माझ्याकडे बघते आहे हे मला कळत होतं, मी तिकडे मान वळवली नाही. "अन् दार?" म्हातारीने विचारलं. "बंद होतं. बाहेरून कुलूप होतं. शटर वाजत होतं, लोकांनी ऐकलं." "आयतवारी त्ये नव्हते?" "नव्हते." "नक्की?" "नक्की, बाई. देवाशपथ." तिने डोळा मिटला. एक मोठा श्वास सोडला, इतका मोठा की फोनच्या काचेवर धुकं धरलं. "मंग बरोबर पुसलं म्या," ती म्हणाली. नंतर मुलीला, अगदी घरगुती आवाजात, "सप्तमीच ऱ्हाऊ दे गं. भटजीला काय सांगू नगो." आणि फोन बंद झाला. मला एकही शब्द बोलली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सुलक्षणाने डोळे पुसले, व्यवस्थित, दोन्ही. टेबलावरचा कागद उचलून कव्हरात घातला. डबा ओट्यावर तसाच होता, तिने तो परत पिशवीत ठेवला आणि पिशवी खांद्याला लावली. मला वाटलं, आता जाईल, आणि तिने जावं असं मला मनापासून वाटत होतं. ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "लिहून द्या," म्हणाली. "काय गं?" "आत्ता आईला सांगितलंत ते. सगळं. कुलपासकट, मालकाच्या नावासकट, तुमच्या नावासकट." मी म्हटलं, सुलक्षणा, ऐक जरा, याचे परिणाम काय होतील तुला कल्पना नाही, माझा मुलगा आहे, नात आहे, हा कागद एकदा बाहेर गेला की... ती ऐकून घेत होती. मी बोलायचा थांबलो तेव्हा म्हणाली, "मराठीत लिहा. मला वाचता येईल असं." काका म्हणाली नाही. मी ईश्वरीच्या वहीतलं मधलं पान काढलं आणि लिहायला लागलो. ती दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.